एक अधिक एक बरोबर सव्वा

तालुक्याच्या गावातल्या इंटरनेटवाल्याकडे दोन मोबाइल असतात. एकावर गिऱ्हाइकं त्याच्यावर ओरडतात, दुसऱ्यावर तो वरच्या कंपनीवर ओरडतो. रात्री आठनंतर दोन्ही फोन एकदम चालू असतात आणि दोन्हींवर तीच दोन वाक्यं असतात. "सकाळपासून चालत नाहीये." "आमच्या बाजूने सगळं ओके दिसतंय." फरक इतकाच, की पहिल्या फोनवर दुसरं वाक्य त्याचं असतं आणि दुसऱ्या फोनवर पहिलं.

हा माणूस मुळात केबलवाला. १९९१च्या आखाती युद्धानंतर गावोगावच्या गच्च्यांवर डिश चढल्या, तेव्हा याने किंवा याच्या वडिलांनी विजेच्या खांबांवरून, पिंपळाच्या फांदीवरून आणि न विचारता पाटलांच्या माडीवरून काळी वायर ओढली. पुढे सेट-टॉप बॉक्स आले, २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, लोक मालिका फोनवर बघायला लागले आणि याने त्याच खांबांवरून फायबर ओढायला घेतली. वायर बदलली. खांब तेच राहिले आणि खांबाच्या भाड्यावरून चाललेला वादही तोच राहिला. गिऱ्हाईक त्याला अजून केबलवालाच म्हणतं. तो स्वतःला आयएसपी म्हणवतो आणि तो हक्क त्याला आहे, कारण त्याच्याकडे सरकारी परवाना आहे. 'ए' वर्गाचा परवाना देशभर चालतो, 'बी' वर्गाचा एका दूरसंचार मंडळापुरता, 'सी' वर्गाचा साधारण एका जिल्ह्यापुरता. हा सी वर्गातला. शाळेतही हा क तुकडीतच होता. अ तुकडीतली मुलं अमेरिकेला गेली. त्यांच्या आईवडिलांचा रविवारचा व्हिडिओ कॉल आता याच्या हातात आहे.

धंद्याचं गणित पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतो. समजा आठशे घरं आहेत आणि प्रत्येकाला शंभर एमबीपीएस विकलेत. कागदावर हे ऐंशी जीबीपीएस झाले. त्याच्या कपाटात येतो एक. ही फसवणूक नाही. लहानमोठे सगळे आयएसपी याच भरवशावर चालतात, की सगळी गिऱ्हाइकं एकदम पूर्ण वेग मागत नाहीत आणि व्हिडिओ बघणाऱ्याला पाच-दहा एमबीपीएस पुरतात. वर्षातले बहुतेक दिवस हे जमतं. उरलेल्या दिवशी भारताची मॅच असते. १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकट्या हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक बसले होते. त्या दिवशी ट्रॅव्हिस हेड १३७ काढत असताना देशात ज्यांचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता, असे मोजके लोक म्हणजे गावोगावचे इंटरनेटवाले. भारत हरतोय असं दिसलं की लोक चडफडत टीव्ही बंद करतात आणि लायनीवरचा ताण उतरतो. देशभक्ती एका बाजूला आणि बँडविड्थ एका बाजूला असा पेच फार कमी धंद्यांत पडतो.

तर रात्री आठला लाइन चोक होते. आलेख एक जीबीपीएसपर्यंत चढतो आणि तिथे सपाट होऊन अकरापर्यंत सपाटच राहतो. मालक तो आलेख बघतो, उसासा टाकतो आणि वरच्या कंपनीकडून आणखी एक जीबीपीएसची लाइन घेतो. "दोन्ही बाँड करून टाकू. दोन जी होतील." हे वाक्य तो चहाच्या टपरीवर उभा राहून बोलतो आणि ऐकणाऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. एक आणि एक दोन होतात हे बालवाडीपासून शिकवलेलं असतं.

इंटरनेटवरून येणारी कुठलीही गोष्ट, तुमच्या भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओसुद्धा, साधारण दीड हजार बाइटच्या तुकड्यांनी येते. दोन लायनी हातात आल्या की पहिला विचार सुचतो तो असा, की एक तुकडा हिने, एक तिने, असं आळीपाळीने पाठवावं. याला राउंड रॉबिन म्हणतात. यातली गोम कळायला लग्नाचं वऱ्हाड दोन गाड्यांत असंच भरून बघावं. दारात उभं राहून एकेकाला आळीपाळीने बसवायचं : नवरदेव पहिल्या गाडीत, त्याची आई दुसऱ्या, भटजी पहिल्या, मुंडावळ्यांची पिशवी दुसऱ्या. वाटणी अगदी चोख. दुसरी गाडी फाट्यावर चहाला थांबते. पहिली मांडवात पोचते. निम्मं वऱ्हाड हजर असतं, पण कशाचा कशाला मेळ नसतो. मांडवाच्या दारात यादी घेऊन एक मामा उभे असतात. त्यांचं नाव टीसीपी. त्यांना माणसं यादीच्या क्रमानेच आत घ्यायची असतात. यादीत पुढचं नाव विहीणबाईंचं, आणि समोर येतायत मागची नावं. प्रत्येक नव्या पाहुण्यागणिक मामा गावाकडे फोन करतात, "विहीणबाई आल्या नाहीत." तिसऱ्यांदा तेच सांगावं लागलं की तिकडचे लोक धरून चालतात की बाई वाटेत हरवल्या. मग ते दोन गोष्टी करतात. एक, दुसऱ्या विहीणबाई रवाना करतात. संगणकात ही सोय आहे. दोन, रस्ता खराब दिसतोय म्हणून पुढची माणसं निम्म्या वेगाने सोडतात. थोड्या वेळाने मांडवात दोन विहीणबाई हजर होतात आणि लग्न मात्र उशिरा लागतं. रस्त्यात कुणीही हरवलेलं नसतं. नुसत्या क्रमाच्या गोंधळापायी दोन गाड्यांचं वऱ्हाड एका गाडीपेक्षा हळू पोचतं.

म्हणून शहाण्यांनी दुसरा नियम काढला : एका घरातली सगळी माणसं एकाच गाडीत. कुठलं घर कुठल्या गाडीत हे आडनावावरून हिशेब करून ठरवायचं. त्या हिशेबाला हॅश म्हणतात. क्रम मोडत नाही, मामा खूष. २०००मध्ये ८०२.३एडी नावाचं जे मानक झालं, त्याने बाँडिंगची रीत अशी बांधून दिली की एका संभाषणातले तुकडे एकाच लायनीने जावेत. आता घरं पुष्कळ असली तर निम्मी-निम्मी वाटणी आपोआप होते. पण एकाच घरातून पन्नास माणसं निघाली, तर ती सगळी एकाच गाडीत कोंबली जातात आणि दुसरी गाडी त्यांच्या मागून रिकामी जाते. म्हणजे दोन जीची लाइन घेतली तरी कुठलंही एकच डाउनलोड एक जीच्या वर जात नाही. हे मालकाला कुणी आधी सांगत नाही. सांगणार कोण? लाइन विकणाऱ्याला दुसरी लाइन विकायची असते.

खरी गंमत याच्या पुढे आहे. आडनाव कशावरून ठरवायचं, याचे पर्याय असतात. राउटरमध्ये ते ठरवून दिलेलं येतं, आणि लिनक्सच्या बाँडिंगमध्ये काय किंवा मायक्रोटिकच्या राउटरमध्ये काय, मूळची निवड असते 'लेयर टू'. म्हणजे फक्त दोन टोकांच्या यंत्रांचे मॅक अ‍ॅड्रेस बघायचे. एखाद्या कचेरीत पन्नास संगणक असतील तर हे ठीक आहे. पण इंटरनेटवाल्याच्या बाँडच्या अलीकडे एक राउटर, पलीकडे एक राउटर. सगळ्या जगाचा माल त्या एकाच जोडीच्या नावावर चाललेला. आडनाव विचारण्याऐवजी गाव विचारलं, आणि सगळं वऱ्हाड एकाच गावचं! परिणाम असा, की एक लाइन शंभर टक्के भरलेली आणि दुसरी रिकामी. मालक रात्री साडेनऊला दोन आलेख शेजारी-शेजारी लावून बसतो. वरचा सपाट, लाल. खालच्याला सरळ रेघ, शून्यावर. दोन्हींचं बिल सारखं, वर अठरा टक्के जीएसटी.

तो गप्प बसणारा नसतो. इकडेतिकडे विचारून 'लेयर थ्री प्लस फोर' लावतो, म्हणजे आयपी पत्ता आणि पोर्ट दोन्ही बघून वाटणी. आलेखाकडे बघतो. जाणाऱ्या मालाची वाटणी उत्तम झालेली असते. येणाऱ्याची जशीच्या तशी.

कारण कुठला तुकडा कुठल्या लायनीवर टाकायचा, हे पाठवणारा ठरवतो. घेणाऱ्याच्या हातात काही नाही. आता गावातून बाहेर पाठवलं जातं काय? एखादं बटण दाबल्याची वर्दी, एखादा अंगठा, सकाळचे गुलाबाच्या फुलांचे शुभेच्छासंदेश. वजनदार माल सगळा आत येणारा : सिनेमे, मॅच, रील, फोनचे अपडेट. म्हणजे या धंद्यात जे स्वतःच्या हुकमतीत आहे त्याला काही वजन नाही, आणि ज्याला वजन आहे ते दुसऱ्याच्या हुकमतीत आहे. छोट्या इंटरनेटवाल्याच्या आयुष्याचं सगळं व्याकरण या एका ओळीत येतं. पुढे राउटिंगकडे गेलो तरी हीच ओळ पुन्हा भेटणार आहे.

मग दुसरा फोन उचलला जातो.

"सर, तुमच्या बाजूचा हॅश लेयर टूवर आहे. तेवढा थ्री-फोर करता का?"

"कुठली लिंक, सर?"

"आमचं बाँडिंग. एकच लाइन भरतेय."

"सर, दोन्ही अप दिसतायत."

"अप आहेतच हो! एकावरून काहीच येत नाही."

"डाउन नाहीये ना पण? मग तिकीट टाका सर."

तिकीट टाकलं जातं. दोन दिवसांनी उत्तर येतं : लिंक तपासली, अप आहे, तिकीट बंद केलं आहे, सेवेबद्दल पाच तारे द्यावेत.

एका कंपनीच्या दोन लायनींचं हे. अनुभवी माणूस म्हणतो, दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एक गेली तर दुसरी राहते. सल्ला चांगला आहे. दुसऱ्या कंपनीचा विक्रेता येतो, लॅपटॉपवर नकाशा दाखवतो. त्यावर त्यांची लाइन निळ्या रंगात असते, पहिल्या कंपनीची लाल असते. दोन रंग, दोन करार, दोन ठिकाणी सह्या. मग महामार्गाच्या रुंदीकरणावरचा जेसीबी एका सकाळी बाजूपट्टीत दात घालतो आणि निळी-लाल दोन्ही एकदम जातात. कामावरची पोरं मोटारसायकलवरून जाऊन बघतात तर चर एकच असतो. नीट चौकशी केली तर केबलही एकच असते, कारण दुसऱ्या कंपनीने फायबरच्या दोन कोअर पहिलीकडूनच भाड्याने घेतलेल्या असतात. निळी लाइन म्हणजे निळी कोअर आणि लाल लाइन म्हणजे तिच्याच शेजारची नारिंगी. जेसीबीचालक खाली उतरून तंबाखू मळत विचारतो, "तुमची होती व्हय? मला वाटलं पाण्याची पायपे."

कट झालेली लाइन तरी प्रामाणिक असते. दिवा जातो, राउटरला कळतं, माल दुसरीकडे वळतो. जिवावर उठते ती अर्धमेली लाइन. मध्ये कुठेतरी मीडिया कन्व्हर्टर नावाची डबी बसवलेली असते. पलीकडची फायबर तुटली तरी ही डबी अलीकडे हिरवा दिवा लावून बसते. राउटर बघतो, दिवा हिरवा, लाइन जिवंत. तो निम्मं गाव त्या लायनीवर पाठवत राहतो आणि निम्मं गाव अंधारात जातं. तेही चमत्कारिक पद्धतीने : एकाच घरात यूट्यूब चालतं आणि बँकेचं अ‍ॅप चालत नाही, कारण हॅशमध्ये दोघांची आडनावं वेगळी. यावर उपाय म्हणून एलएसीपी आहे. दोन्ही टोकं एकमेकांना ठरावीक वेळाने 'आहे ना?' विचारतात. पण संथ लयीत ठेवलं तर हे विचारणं दर ३० सेकंदांनी होतं आणि उत्तर न आल्याचं मान्य करायला ९० सेकंद लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी ज्याने एकमेकांना वाटा सांगतात, त्या बीजीपीचं तर याहून राजेशाही. मायक्रोटिकमध्ये काही न बदलता सोडलं तर शेजारी गेला हे पटायला त्याला १८० सेकंद लागतात. तीन मिनिटं! तीन मिनिटांत मालिकेतल्या सासूचं पितळ उघडं पडून पुन्हा झाकलंही जातं. समोरच्या वाड्यातल्या काकूंना मात्र लाइन गेल्याचं तिसऱ्या सेकंदाला कळतं आणि चौथ्या सेकंदाला मालकाला कळतं. जलद तपासणीसाठी बीएफडी नावाची सोय असते, वरच्या कंपनीने चालू करून दिली तर. ती देते का, हे ओळखण्याचं काम वाचकांवर सोडतो.

दोन वेगळ्या कंपन्या म्हटलं की बाँडिंग संपतं. बाँडला दोन्ही टोकांना एकमेकांशी बोलणारी यंत्रं लागतात आणि या दोन कंपन्या एकमेकींशी बोलत नाहीत. काही जण राउटरमध्येच संभाषणं वाटून देतात, अर्धी या कंपनीच्या पत्त्यावरून, अर्धी त्या. ते चालतं. मग एक दिवस बँकेला दिसतं की एकच गृहस्थ एका मिनिटात दोन पत्त्यांवरून आले, आणि ती पेन्शनर आजोबांना ओटीपीच्या ऐन क्षणाला बाहेर काढते. आजोबा बँकेला दोष देत नाहीत. बँक राष्ट्रीयीकृत आहे.

मग बीजीपीची पायरी चढावी लागते. स्वतःचा एएस नंबर, म्हणजे आपल्या जाळ्याचा जगातला क्रमांक, घ्यायचा, स्वतःचे पत्ते घ्यायचे. भारतात ते आयरिन ही नोंदणी संस्था देते. नंबर मिळतो. पत्त्यांची मात्र टंचाई आहे. आशियाच्या कोठारातला आयपीव्ही४चा मोकळा साठा १५ एप्रिल २०११लाच शेवटच्या खणाला लागला. आपल्या माणसाच्या पदरात पडतो एक स्लॅश चोवीस, म्हणजे २५६ पत्ते. घरं आठशे. मग तीन-चार घरांना एक पत्ता, सामायिक. त्यातल्या एका घरातला मुलगा रात्रभर काहीतरी उद्योग करतो आणि सकाळी पंचांग बघायला बसलेल्या शेजारच्या आजींना गुगल विचारतं, तुम्ही रोबोट नाही ना? मोटारसायकल असलेले सगळे चौकोन निवडा.

बीजीपीची जन्मकथा या धंद्याला शोभेल अशीच आहे. १९८९च्या जानेवारीत अमेरिकेत ऑस्टिनला अभियंत्यांची बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत सिस्कोचे कर्क लॉकहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेक्टर यांनी खानावळीतल्या कागदी रुमालांवर त्याचा आराखडा काढला. तात्पुरती सोय म्हणून काढला होता. पुढे सुधारणा होत गेल्या, पण सगळ्या जगाचं राउटिंग आजही त्याच वंशावर चालतं. आणि ज्या ओएसपीएफवर हा मालक गावातल्या गावात आपले टॉवर जोडतो, त्याच्या पोटात असलेला सर्वांत जवळच्या वाटेचा हिशेब डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी पिताना केला होता, कागद-पेन्सिलीवाचून, वीस मिनिटांत. साड्यांच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यांनी यातून हवा तो बोध घ्यावा. माझं म्हणणं एवढंच, की आमचा मालक टपरीवर उभा राहून नेटवर्क आखतो म्हणून त्याला हसायचं कारण नाही. थोरामोठ्यांची परंपरा तीच आहे.

बीजीपीचा मूळ स्वभाव भोळा. शेजारी म्हणाला, 'अमुक पत्ते माझ्याकडून जातात', की ते खरं मानायचं आणि पुढच्या शेजाऱ्याला सांगायचं. अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्याचं आधी ऐकायचं. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरती सोय म्हणून यूट्यूबच्या पत्त्यांतला एक तुकडा स्वतःकडे वळवला आणि ही बातमी चुकून वरच्या कंपनीकडे गेली. यूट्यूब सांगत होतं स्लॅश बावीस, पाकिस्तान सांगत होतं त्याच्या पोटातलं स्लॅश चोवीस. जगाने अधिक नेमक्याचं ऐकलं आणि सुमारे सव्वादोन तास जगातले मांजरांचे व्हिडिओ पाकिस्तानच्या दिशेने जात राहिले. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकने याच्याही पुढची कामगिरी केली. देखभालीच्या कामात एक आज्ञा चुकली आणि कंपनीने स्वतःकडे येणारे रस्ते स्वतःच जगाच्या नकाशावरून काढून घेतले. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सहाएक तास फेसबुक नाही, इन्स्टाग्राम नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांना कारण सापडायला वेळ लागला. आपल्याकडे प्रत्येक गल्लीला ते लगेच ठाऊक होतं. केबलवाल्याने काहीतरी केलं.

तर आपल्या मालकाकडे आता दोन कंपन्या, एक एएस नंबर आणि २५६ पत्ते आहेत. पहिल्या कंपनीची लाइन महाग आणि चोक, दुसरीची स्वस्त आणि रिकामी. जाणारा माल कुठून पाठवायचा हे तो एका ओळीत ठरवतो. लोकल प्रेफरन्स वाढवला, झालं. येणारा माल दुसऱ्या लायनीने यावा म्हणून त्याला जगाची विनवणी करावी लागते. विनवणीची रीत अशी, की पहिल्या कंपनीच्या वाटेवर आपला नंबर एकापुढे एक तीन-चार वेळा लिहायचा. मग लांबून बघणाऱ्याला वाटतं, इथून मध्ये चार मुक्काम आहेत, तिकडून जवळ पडेल. याला प्रीपेंड म्हणतात. स्वतःचं घर मुद्दाम लांब आहे असं सांगून पाहुणे टाळायची ही पद्धत तंत्रज्ञानाच्या जगात पूर्णपणे सभ्य मानली जाते. पण पाहुणे चिवट असतात. पहिली कंपनी म्हणते, हे आमचं पैसे देणारं गिऱ्हाईक. याचा माल आमच्याच लायनीने जाणार, तो नंबर कितीदाही लिहो. तिच्या घरात लोकल प्रेफरन्स आधी बघतात, अंतर मागाहून. तीन वेळा लिहिलं, पाच वेळा लिहिलं, आठ वेळा लिहिलं. आलेख ढिम्म.

दुसरा उपाय पाकिस्तानवाला : पत्ते दोन भागांत तोडून अधिक नेमका भाग स्वस्त लायनीवरून जाहीर करायचा. पण जगात स्लॅश चोवीसच्या खालचे तुकडे सहसा कुणी घेत नाही, आणि याच्याकडे तोच एक आहे. गुंठेवारीची मनाई इथेही आहे.

मधल्या काळात त्याला फुल टेबलचा नाद लागतो. जगातल्या यच्चयावत वाटांची यादी आपल्या राउटरवर घ्यायची. आयपीव्ही४च्या अशा वाटा आता दहा लाखांच्या घरात आहेत. ऑगस्ट २०१४मध्ये हा आकडा ५ लाख १२ हजारांच्या पुढे सरकला, तेव्हा जुन्या राउटरांच्या स्मृतीतली जागा संपून बड्याबड्यांची सेवा कोलमडली होती. दोन लायनींच्या माणसाला याची फारशी गरज नसते. 'बाकी सगळं तिकडे' अशी एक ओळ त्याला पुरते. पण इंटरनेटवाल्यांच्या एका परिषदेत शेजारी बसलेला सांगलीकडचा आयएसपी म्हणालेला असतो, "आम्ही फुल टेबल घेतो." एवढं पुरे होतं. यादी उतरायला लागते, राउटरचे पंखे विमानतळाच्या आवाजात फिरू लागतात आणि दुकानातल्या गणपतीपुढची उदबत्ती विझते.

राउटर बहुधा मायक्रोटिकचा. लात्व्हियातल्या रिगा शहरातली ही कंपनी १९९६ पासून आहे आणि लात्व्हिया नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या हजारो मराठी माणसांचं पोट तिच्यावर चालतं. तिने आपल्या गिऱ्हाइकाला नेमकं ओळखलेलं आहे, कारण तिच्या राउटरमध्ये सेफ मोड नावाचं बटण आहे. लांबच्या टॉवरवरच्या राउटरमध्ये बदल करताना ते दाबायचं. ज्या वाटेने आपण आत शिरलो तीच वाट बदलाच्या भरात आपण बंद केली आणि संपर्क तुटला, तर यंत्र ते सगळे बदल स्वतःहून मागे घेतं. सिस्कोवाल्यांची युक्ती जुनी : आधी 'दहा मिनिटांनी स्वतःला बंद करून चालू कर' अशी आज्ञा द्यायची, मग प्रयोग करायचे. जमलं तर आज्ञा मागे घ्यायची, नाही जमलं तर दहा मिनिटं रामरक्षा म्हणायची. मनुष्यस्वभावाची इतकी वास्तव जाण असलेला दुसरा व्यवसाय मला माहीत नाही. संसदेत असं एखादं बटण असतं तर, हा विचार मनात येतो, पण विषय वेगळा आहे.

हा सगळा खटाटोप आठशे घरांपैकी एकाही घराला दिसत नाही. त्यांना दिसते फक्त स्पीड टेस्टची सुई.

"दादा, शंभरचे पैसे घेता आणि बावीस दाखवतंय."

"काका, राउटर कुठे ठेवलाय?"

"जागेवरच आहे. लोखंडी कपाटात. पोरं हात लावतात म्हणून कुलपात ठेवलाय."

शंभर एमबीपीएस मुंबईपासून डोंगर-दऱ्या, एक चर, दोन कंपन्या, तीन प्रकारचे हॅश आणि चार वेळा लिहिलेला एएस नंबर ओलांडून दारापर्यंत येतात आणि गोदरेजच्या दाराला अडतात. कामावरचं पोरगं जातं, राउटर टीव्हीवर ठेवतं, काकू त्यावर क्रोशाचा रुमाल घालतात. सुई पंचाण्णववर जाते. "बघा," काका म्हणतात, "बोलल्याशिवाय तुम्ही लोक वाढवत नाही."

आणि ते सुरुवातीचं बाँडिंग? शेवटी पहिल्या कंपनीत नवा मुलगा आला. त्याने तिकीट वाचलं. हाच त्याचा नवखेपणा. एका दुपारी त्याने हॅश बदलला. दोन्ही आलेख शेजारी-शेजारी सारखे वर चढले आणि एक अधिक एक पावणेदोनच्या पुढे गेलं. मालकाने टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या सणाला घरं आठशेची दीड हजार झाली, तेव्हा दोन जीही पुरेनात. मग त्याने आधीच्या सगळ्या लायनी सोडून सरळ दहा जीची एक लाइन घेतली. एकच लाइन असल्याने तिला हॅश नाही आणि कुणाला विनवण्या नाहीत. चार महिने गाव शांत झोपलं. आता आयपीएल तोंडावर आली आहे, रात्री साडेनऊला आलेख साडेआठ जीला टेकतोय आणि दहा जीच्या दुसऱ्या लायनीचं कोटेशन टेबलावर पडलंय. नवा मुलगा तोवर बढती मिळून दिल्लीला गेला. मालकाने कोटेशनच्या तळाला, दर, अठरा टक्के जीएसटी आणि जोडणीचा खर्च यांच्या खाली, बॉलपेनने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे : हॅश लेयर थ्री प्लस फोर, दोन्ही टोकांना, नाहीतर बिल निम्मं.